चार, सहा, नऊ

किन्हीराजा
४ ऑगस्ट २०२५

हरी,

हातानं लिहून राह्यली. तू बनवलेल्या लिहायच्या प्रोग्रामात, तुह्या सादी पाटीत लिहून छापून पाठवलं असतं तर तुले वाचाले सोपं गेलं असतं. पण माह्या हातची ओळ तुह्यापर्यंत तशीच पोचन, याचा मले आता भरवसा राह्यला नाई. तीन खेपा फोन केला, तू उचलला नाई. म्हून स्पीडपोस्ट.

माह्या भावाच्या, पवनच्या निताचं बाळ गेलं. सत्तावीस जुलैले, अकोल्याच्या दवाखान्यात. आठवा महिना चालू होता. निता अजून तिथंच हाय. माणूस ओळखते, बोलत नाई. पळसटेकडीत एकोणीस जणाले कावीळ झाली. म्हातारी रंगूबाई परवा वारली. हे सारं माह्या सहीच्या नोटीसीनं झालं असं गावात म्हणतात, अन् मले ते खोटं हाय असं म्हणता येत नाई.

मी दोन वर्षापासून किन्हीराजाच्या आजूबाजूच्या पाच गावातलं पाणी तपासते, हे तुले माहीत हाय. माहेर म्हून पळसटेकडी बी माह्याकडंच. चोवीस जूनले तिथल्या अकराही हातपंपाचं पाणी बाटल्यात भरलं. पाणी खराब असलं की दोन दिवसात बाटली काळी पडते. चार, सहा अन् नऊ नंबरची काळी पडली. बाकीच्या आठ साफ. घरी माह्या लॅपटॉपवर, थेट पेनड्राइव्हमध्येच, नोटीस लिहिली, 'खालील क्रमांकाच्या हातपंपांचे पाणी पिऊ नये.' त्याच्या खाली तीन ओळी. ४. पिण्यास अयोग्य. ६. पिण्यास अयोग्य. ९. पिण्यास अयोग्य. पंपावर रंगानं नंबर टाकेल हाय, म्हून जागा लिहिली नाई.

सव्वीसले शाळेत जाऊन हेडमास्तराले तिथल्या चार नंबरचं तोंडी सांगतलं. त्यायनं लगेच दांड्याले साखळी बांधली. नऊ नंबर शेताच्या रस्त्यावर हाय, तिथं गुरंच पेतात. मंग पेनड्राइव्ह ग्रामपंचायतीच्या शिपायाजवळ, उकंडरावजवळ, देला अन् पुढच्या गावाले निघाली. उकंडरावनं फाइल उघडली, छापली, दहा जागी चिकटवली. त्या कंप्युटरवर तुह्या पाटीची चौथी आवृत्ती होती. माह्या लॅपटॉपवर तिसरीच हाय.

चिकटवलेल्या कागदावर होतं: १. २. ३.

चांगले तीन पंप लोकायनं सोडून देले. खालच्या गल्लीतल्या बाया चढ चढून सहा नंबरचं पाणी न्याले लागल्या. सहा नंबर पवनच्या दारापुढं हाय.

महिनाभरात त्या नोटीसीपुढून मी दोन डाव गेली. वाचली नाई. आपलंच लिहेल कोण वाचते. बावीस जुलैले कावीळीची बोंब झाली तवा पह्यल्यांदा वाचली.

आता पुढचं आयक. तुह्या पाटीनं उघडलेली फाइल आपसूक सेव्ह बी केली. पेनड्राइव्हमध्ये बी आता एक, दोन, तीनच हाय. माह्याजवळ राह्यली फक्त वही, अन् तालुक्याचे साहेब म्हणतात, वहीत मागून बी लिहिता येते. दोन सप्टेंबरले पळसटेकडीच्या शाळेत चौकशी हाय.

मले तुह्या सहीचा कागद पायजे. त्यात एवढंच लिही, की ओळीच्या सुरुवातीले आकडा अन् टिंब दिसलं की तुही पाटी न विचारता नवे आकडे टाकते. मदतपानावरचं पह्यलं वाक्य तुह्या ध्यानात असन. तीन वर्षामागं तू मले मराठी तपासाले देलं तवा ते मीच लिहिलं होतं. 'सादी पाटी तुमच्या मजकुरातले एकही अक्षर स्वतःहून बदलत नाही.' काल पाह्यलं. ते अजून तिथंच हाय.

ज्योत्स्ना


पुणे
१२ ऑगस्ट २०२५

ज्योत्स्नाताईस,

पत्र मिळाले. निताच्या बाळाचे कळून वाईट वाटले. पवनशी बोलण्याचा प्रयत्न केला, त्याने फोन ठेवून दिला.

तुझ्या पत्रातल्या मुद्द्यांना क्रमाने उत्तर देतो, म्हणजे गैरसमज राहणार नाही.

१) सादी पाटी मी फुकट देतो. कोणी कशासाठी वापरावी हे माझ्या हातात नाही. सार्वजनिक आरोग्याची सूचना छापून झाल्यावर एकदा नजरेखालून घालणे हे सूचना काढणाऱ्याचे काम असते.

२) यादीला आपोआप क्रमांक देण्याची सोय चौथ्या आवृत्तीत आहे. लोकांनी ती मागितली होती. देवनागरी आकड्यांनाही ती चालते. ज्यांना नको असेल त्यांना ती बंद करता येते. मदतपानाच्या सातव्या विभागात हे स्पष्ट लिहिले आहे. ज्याने पंचायतीच्या संगणकावर आवृत्ती बसवली त्याने ते वाचायला हवे होते.

३) त्यामुळे तू म्हणतेस तसा कागद मला देता येणार नाही. दिला तर तो खोटा होईल. पाटी 'न विचारता' काही करत नाही. सोय आहे, तिची माहिती आहे, ती बंद करायची जागा आहे.

४) हे लिहू नये असे वाटत होते, पण तू माझ्यावर एवढे टाकलेस म्हणून लिहितो. तुझ्या पत्रात तूच लिहिलेस की शाळेत जाऊन चार नंबरचे तोंडी सांगितले. नऊ नंबरचे पाणी माणसे पीत नाहीत. म्हणजे सांगण्यासारखा उरला एकच पंप, सहा नंबर. तो तुझ्या सख्ख्या भावाच्या दारात आहे आणि घरात गरोदर बाई आहे. शाळेपासून पवनचे घर किती लांब आहे हे मला माहीत आहे, उन्हाळ्याच्या सुटीत मी तिथे राहिलो आहे. तिथे जाऊन का सांगितले नाहीस? माझी पाटी तुझे तोंड धरत नव्हती.

चौकशीत माझे नाव घेऊन तुझा फायदा होणार नाही. त्या साहेबांना आवृत्ती म्हणजे काय हेही समजणार नाही.

हरीओम


किन्हीराजा
१८ ऑगस्ट २०२५

हरी,

तुह्या पत्रातले आकडे मातर बरोबर आले. एक, दोन, तीन, चार. वकिलाची नोटीस असते तसं वाटलं. बारावीपर्यंत मी कारंज्याले मामाच्या घरी राह्यली, तुमच्याच. तुहं दप्तर मी वाह्यलं. त्या घरातून मले 'ज्योत्स्नाताईस' असं पत्र येईन हे वाटलं नव्हतं.

तुहं पत्र घेऊन मी एसटीनं कारंज्याले गेली, नोमानकडं. स्टँडाजवळ त्याचं टायपिंगचं अन् झेरॉक्सचं दुकान हाय. ग्रामपंचायतीच्या कंप्युटरवर चौथी आवृत्ती त्यानंच बसवली होती, अठरा जूनले. तू त्याच्यावर ढकललं, म्हून आधी त्याच्याशीच भांडाले गेली होती.

त्यानं मले पाणी देलं, पत्र पुरं वाचलं, अन् आतून एक फाइल आणली. गिऱ्हाइकाले समजावून सांगता यावं म्हून तो दर आवृत्तीचं मदतपान छापून ठेवते. तिसरीचं बी होतं, चौथीचं बी. पानाच्या खाली छापल्याची तारीख येते, १८/०६/२०२५. आमी दोघायनं पह्यल्या पानापासून शेवटपर्यंत बोट ठेवून वाचलं. सहा विभाग हायत. सातवा नाई.

मंग त्यानं दुकानातल्या कंप्युटरवर तुहं आजचं मदतपान उघडलं. त्याच्यात सात हायत.

तिथंच थांबलो नाई. मी त्याच्या जुन्या कंप्युटरवर तिसरीत तीन ओळी लिहिल्या, चार, सहा, नऊ. ते चौथीत उघडलं. डोळ्यादेखत आकडे बदलले. कोणी इचारलं नाई, काही पुसलं नाई. सातव्या विभागात तू लिहिलं की 'मांडणी' मध्ये जाऊन सोय बंद करा. नोमाननं सारं धुंडाळलं. अठरा जूनच्या आवृत्तीत ते बटनच नाई. तो मोठ्या बहिणीले म्हणतात तसं म्हणाला, 'बाजी, हे बटन बाद में आलं. मी रोज वापरतो, मले माहीत हाय.' दोन महिन्यापासून त्याचे गिऱ्हाइक कावून हायत. अर्जात गट नंबर लिहिला की त्याचा अपूर्णांक होते. दोन रेघा मारल्या की एक लांब रेघ होते. एका मास्तराच्या कवितेच्या हर ओळीपुढं ठिपका आला. त्यानं तुले चार ईमेल केले. तू एकाचं उत्तर देलं: नवी आवृत्ती सर्वांना आवडली आहे.

आता सांग, सातवा विभाग कधी लिहिला? माह्यं पत्र हातात आल्यावर का त्याच्या आधी? बाळ गेल्यावर का त्याच्या आधी?

तुह्या चौथ्या मुद्द्याचं उत्तर असं, की माह्याकडं पाच गावं हायत. शाळेत लेकरं हायत म्हून तिथं तोंडी सांगतलं. बाकीच्यायसाठी नोटीस असते. हर दारात जाऊन सांगत बसली तर दोन गावं बी होत नाई.

निताले परवा साध्या वॉर्डात आणलं. पवन तिच्याजवळ बसते. मले पाह्यलं की तो उठून बाहेर जाते.

नोमानची फाइल मी चौकशीत देणार हाय. तू कागद दे नाई तर नोको देऊ.

ज्योत्स्ना


पुणे
२४ ऑगस्ट २०२५

ताई,

हेही हातानेच लिहितो आहे. छापलेलं पुन्हा तुझ्यासमोर धरायची हिंमत नाही.

सातवा विभाग मी सात ऑगस्टला रात्री लिहिला. तुझं पत्र त्या दिवशी दुपारी आलं होतं. ते वाचून मी आधी घरातच करून पाहिलं. चार, सहा, नऊ लिहिलं. आकडे बदलले. मला ते आधी माहीत नव्हतं असं नाही. क्रमांक एकपासूनच सुरू व्हावेत असं मीच ठरवलं होतं. लोक यादी लिहितात, मधली ओळ खोडतात, आकडे चुकतात, तर ते आपोआप नीट व्हावेत. एखाद्याचे आकडे मुळातच चार, सहा आणि नऊ असतील आणि ते तसेच राहायला हवे असतील, हा विचार माझ्या मनात आला नाही. एकदाही नाही. मग मी बंद करायचं बटण बनवलं, नवी आवृत्ती चढवली, विभाग लिहिला आणि पानावरची शेवटच्या बदलाची तारीख काढून टाकली. तुझं पहिलं वाक्य काढायला गेलो आणि ते मात्र काढलं नाही. ते काढलं असतं तर कोणाच्या तरी लक्षात आलं असतं, म्हणून. तुझ्यावरच्या मायेने नव्हे.

का केलं तेही सांगतो. एका संस्थेने सादी पाटी चार हजार शाळांसाठी निवडली आहे. पुढच्या महिन्यात ठरणार आहे. माझ्याबरोबर दोन मुली काम करतात, त्यांनी यासाठी दुसऱ्या नोकऱ्या सोडल्या. 'पाटीने आकडे बदलले आणि गावात माणसं मेली' असं कुठेही छापून आलं की ते संपलं.

हे सगळं मी तुला लिहून दिलं. हे पत्र तू चौकशीत दाखवू शकतेस, मी अडवणार नाही. पण तिथे येऊन उभं राहायचं, पवनच्या तोंडासमोर, ते मला जमणार नाही असं आजपर्यंत वाटत होतं.

आता तुझं. तुझ्या उत्तरावर माझा विश्वास नाही. पाच गावं आहेत हे खरं, पण तू कधी शाळेपर्यंत जाऊन माहेरच्या दाराशी न थांबता गेली नाहीस. मी जे लपवलं ते वर लिहिलं आहे. तू जे लपवलंस ते तू लिही. तू लिहिलंस तर मी दोन तारखेला येतो आणि सर्वांसमोर बोलतो. नाही लिहिलंस तर हे पत्र पुरेसं समज.

हा सौदा आहे, मला कळतं. तू मला जसा समजतेस तसाच मी आहे.

हरी


किन्हीराजा
२८ ऑगस्ट २०२५

हरी,

सौदाच कर. तुह्याकडून दुसरं काही येईन असं मी समजत बी नव्हती.

पवनच्या घरी मी मे महिन्यापासून गेली नाई. निताचं डोहाळजेवण होतं. तिच्या माहेरच्या, इंझोरीच्या साऱ्यायले आठ दिवस आधीपासून माहीत होतं. मले त्याच दिवशी सकाळी फोनवर मेसेज आला, 'आज दुपारी या.' सख्खी नणंद म्हून मी दोन महिन्यापासून साडी घेऊन ठेवली होती. मी गेली नाई. नंतर पवनचा फोन आला तर त्याले म्हटलं, मले आता त्या घरात कोणी बोलवू नका. त्याच्यानंतर आमी बोललो नाई.

चोवीस जूनले मी सहा नंबरच्या पंपावर बाटली भराले बसली होती. निता दारात आली. तिचं पोट दिसत होतं. म्हणाली, 'ताई, चहा मांडला हाय.' मी बाटलीवर नंबर लिहिला, झाकण लावलं, तोंडाले स्कार्फ बांधला अन् गाडी सुरू केली.

सव्वीसले काळ्या पडेल बाटल्या माह्या पिशवीत होत्या. हेडमास्तराशी बोलली, उकंडरावजवळ पेनड्राइव्ह देला. निघताना गल्लीच्या वळणावर गाडी हळू केली. वळणावरून सहा नंबर दिसते. निता पाणी भरून राह्यली होती. एक हात कमरेले, एका हातानं दांडा मारत होती. माह्याजवळ हाक मारण्याइतकं अंतर होतं. तोंडात शब्द आला होता. मंग वाटलं, आपण कायले पह्यलं बोलावं. संध्याकाळपर्यंत नोटीस लागते. ती वाचन अन् पाणी सोडन.

हे मी कोणालेच सांगतलं नाई. माह्या नवऱ्याले बी नाई. दवाखान्यात तिच्या पायाशी उभी राह्यली तवा बी नाई.

तुह्या पाटीनं आकडे बदलले नसते तर निताचं बाळ वाचलं असतं. अन् मी हाक मारली असती तर तुह्या पाटीनं काही बी बदललं असतं तरी ते वाचलं असतं. रंगूबाईचं तसं नाई. तिच्या दारात मी गेलीच नसती, ती नोटीसीच्याच भरवशावर होती. तिच्यापुरता तू एकटाच धनी हाय, यात मले वाटा नोको.

आपली सारी पत्रं मी दोन तारखेले साहेबाच्या टेबलावर ठेवणार हाय. तुही तीन... नाई, दोन. माही तीन. हे धरून. तू ये नाई तर नोको येऊ.

ज्योत्स्ना


इंझोरी
१४ सप्टेंबर २०२५

ताई अन् हरीओम भाऊजी,

एकच पत्र दोन प्रती करून पाठवते. झेरॉक्स केली हाय, म्हून दोघायले सारखंच भेटन.

मी इंझोरीले माहेरी हाय. ताकद अजून आली नाई. उठून अंगणात जाते, परत येऊन पडते. ह्यायनं साहेबाकडून तुमच्या पाची पत्राची नक्कल आणली. आणायची का नाई, त्याच्यावर दोन दिवस इचार केला म्हणे. मीच म्हटलं, माह्यं बाळ गेलं त्याच्याबद्दल काय लिहेल हाय ते मले वाचू द्या.

वाचलं. पाच पत्रं. त्याच्यात माह्यं नाव किती डाव आलं ते मोजलं नाई, पण एक सोडून हर पत्रात हाय. मी काय काय करत होती, कशी उभी होती, माणूस ओळखते का नाई. एकानं बी मले काही लिहिलं नाई. दोघायचं भांडण चालू होतं अन् मी त्याच्यातला दाखला होती.

चौकशीच्या दिवशी काय झालं ते ह्यायनं सांगतलं. भाऊजी, तुमी आले. पुण्याहून रात्रभर बसनं. सर्वांसमोर कागद वाचला. मागच्या रांगेतून रंगूबाईचा नातू, शालिग्राम, उठला अन् त्यानं तुमाले इचारलं, आता बटन लावलं ना, मंग माही आजी येते का? मंग ताई, तुमी उभ्या राह्यल्या अन् गल्लीच्या वळणाचं सांगतलं. कोणी शिव्या देल्या नाई. लोक उठून गेले. साहेबानं अहवालात 'तांत्रिक दोष व समन्वयाचा अभाव' असं लिहिलं. ताईचं काम काढलं. भाऊजीची पाटी शाळायनं घेतली नाई असं नोमानभाई ह्यायले म्हणाले. मले त्याच्यानं बरं वाटलं का? थोडंसं वाटलं. खोटं कायले लिहू.

भाऊजी, तुमी मदतपानावर आता सर्वात वर माफी लिहिली हाय. ह्यायच्या फोनवर पाह्यली. 'आमच्या एका चुकीमुळे एका भगिनीला आपले बाळ गमवावे लागले.' ते वाक्य काढून टाका. मी तुमची भगिनी नाई, अन् माह्यं बाळ तुमच्या पानावर ठेवाले मी देलं नाई. तिथं लिहायचं असन तर कोणत्या आवृत्तीनं कोणते आकडे बदलून कोणते केले, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, अन् ज्यायच्याजवळ ती आवृत्ती हाय त्यायनं काय करायचं, ते लिहा. वाचणाऱ्याले उपयोग होईन असं. तुमाले कसं वाटून राह्यलं ते तिथं कोणाले पायजे?

अन् रंगूबाईचं. ताई, तुमी लिहिलं की तिच्यात तुमचा वाटा नाई. माहा हाय. तिले वाचता येत नव्हतं. नोटीस लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती मले हात धरून घेऊन गेली, म्हणाली, बाई, काय लिहेल हाय वाच. मी बारावी शिकेल. मी बोट ठेवून वाचलं. एक, दोन, तीनचं पाणी पिऊ नोको आजी, आमच्या दारातलं ने, ते चांगलं हाय. खालच्या गल्लीतल्या आणखी पाच बायाले मीच सांगतलं. रंगूबाईचा हंडा भरून मीच तिच्या डोक्यावर देत होती, कारण तिले दांडा मारणं होत नव्हतं. एक महिना मी तिले माह्या हातानं ते पाणी पाजलं. हे तुमच्या पाचही पत्रात नाई, कारण तुमाले कोणालेच माहीत नव्हतं. कोणी इचारलं नाई.

ताई, तुमी दोन डाव इंझोरीले आल्या. आईनं तुमाले ओसरीवर बसवलं, मी आतून आली नाई. तिसऱ्यांदा येऊ नका. डोहाळजेवणाचं म्हणाल तर तो मेसेज उशिरा मीच पाठवला होता. ह्यायनं आठ दिवस आधी सांगाले सांगतलं होतं. तुमी आल्या की आमच्या घरातलं हर काम दुसऱ्यांदा करून दाखवत होत्या, म्हून मले वाटलं, एक दिवस तरी आपल्या मनासारखा जाऊ द्यावा. तेवढ्याची मी कसूरवार हाय. तेवढं माह्या नावावर लिहा.

पण सव्वीस जूनचं तुमी अर्धंच लिहिलं, कारण बाकीचं तुमाले माहीत नाई.

मी बी तुमाले पाह्यलं होतं. वळणावर तुमची गाडी हळू झाली ते मले दिसलं. तुमच्या पिशवीत बाटल्या होत्या ते बी दिसलं. तपासणीचा निकाल घेऊन आल्या हे मले समजत होतं. माह्या मनात आलं, आता ताई हाक मारतीन तर पाणी खराब हाय. मी दांडा मारायचा थांबवला. तुमी माह्याकडं पाह्यलं अन् गाडी पुढं नेली. मी म्हटलं, माह्याशी बोलत नाईत, पण माह्या पोटात त्यायच्या भावाचं लेकरू हाय. पाणी वाईट असतं तर सांगतलं असतं.

नोटीस लागली संध्याकाळी. मी ओंजळीनं तिथंच पाणी पेली ते दुपारी.

या पत्राले उत्तर पाठवू नका.

निता